फागू कोणत्या दिशेने पळाला

“दरोडेखोर झाडीतून बाहेर पडताच भेदरलेला शिपाई फागू आपल्या साथीदाराला कैद्याच्या हाताशी जखडलेल्या अवस्थेत टाकून शेतांच्या दिशेने पळत सुटला. पळता पळता हातकडीची चाबीही त्याने चिखलात फेकून दिली. असे असूनही जमादारसाहेबांनी त्याला उदार अंतःकरणाने क्षमा केली आणि पुढे आयुष्यभर त्याच्याशी मैत्री राखली. क्षमेचे असे उदाहरण विरळाच.”

हा मजकूर काही आठवड्यांपूर्वी याच पुरवणीत प्रसिद्ध झाला. लिहिणारे सालेकशाकडचे एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या मजकुरातला जमादार म्हणजे मी. त्यात निंदा फागूची आहे आणि स्तुती माझी आहे, त्यामुळे मी गप्प बसेन असे गुरुजींना वाटले असावे. मी गप्प बसणार नाही. गुरुजींच्या मनात मळ नाही, त्यांची भाषा शुद्ध आहे, आणि गावातल्या लोकांनी जे सांगितले तेच त्यांनी लिहिले आहे, हे सर्व मी मान्य करतो. परंतु जे घडलेच नाही त्याची क्षमा मी कशी केली असेन? माझ्या मित्राला मातीत ठेवून महिनाही झाला नव्हता, तेव्हा माझ्या नावाने त्याला ही क्षमा वाटण्यात आली. ती मी परत करतो.

फागू गेल्याची बातमी मला तिरोड्याला, माझ्या घराच्या ओसरीवर कळली. रेल्वेच्या गँगमधला एक माणूस गोंदियाला आला होता, तो मुद्दाम पुढच्या गाडीने तिरोड्यापर्यंत आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “जमादार, तुमचा फागू गेला जी.” मी त्याला बसायला सांगितले, पाणी दिले, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. तो निघून गेल्यावर मला उमगले की, फागू कधी गेला, कसा गेला, यातले मी काहीच विचारले नव्हते. विचारण्याची गरजही नव्हती. दोनच आठवड्यांपूर्वी मी त्याला भेटून आलो होतो. मोहाची फुले पडण्याचे दिवस होते. तो अंगणात खाटेवर पडला होता, अंगात ताप होता, आणि कुऱ्हाडीने तुटलेली डावी टाच नेहमीप्रमाणे खाटेबाहेर लोंबत होती. मला पाहून तो म्हणाला, “आलास गा? नाल्याले पाणी हाय का?” चैत्रात कुठल्या नाल्याला पाणी असते? मी म्हणालो, “कोरडा हाय.” त्यावर त्याने उजवा हात पुढे केला आणि तळहात उघडला. त्याची बायको बिरजाबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना वाटले, त्याला पाणी हवे आहे. त्याला काय हवे आहे हे मला ठाऊक होते. मी एक वस्तू त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती मुठीत धरली, थोडा वेळ डोळे मिटले... आणि मग ती परत माझ्या हातात देऊन माझी बोटे त्याने एकेक करून मिटवली. “राहू दे,” तो म्हणाला. “तुले अजून नाला वलांडाचा हाय.” बिरजाबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ताप डोक्यात गेला आहे, असे त्यांना सांगायचे होते. ताप डोक्यात गेलेला नव्हता. ती वस्तू कोणती, हे मी अखेरीस सांगेन. पुरावा अखेरीस मांडावा, असे मी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढून शिकलो आहे.

आमची गाठ पडली ती देशाला स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी. सालेकशाच्या रानातल्या एका चौकीत मी बदलून आलो आणि फागू तेथे आधीपासून होता. पुढे राज्ये बदलत गेली. मध्य प्रांत होता, त्याचा मध्य प्रदेश झाला, मग आम्हांला मुंबईत घातले, आता महाराष्ट्र झाला. पट्ट्यावरचे बिल्ले बदलले, हुकमांची भाषा बदलली. आमची जोडी मात्र कुणी बदलली नाही, कारण त्या चौकीत जायला दुसरे कुणी तयारच नसे. फागू गोंड, मी पोवार. त्याला लिहिता येत नव्हते आणि मला त्याच्यासारखे बोलता येत नव्हते. पंचनामे लिहून लिहून माझी मराठी अशी ताठ झाली होती. मी चौकीच्या दारात उभा राहून कुणा फिर्यादीला “आपले म्हणणे सविस्तर सांगावे” असे म्हणालो की फागू मागून हळूच म्हणे, “बोल गा बाप्पा लवकर, नाही तं हा तुले बी कलम लावीन.” फिर्यादी हसे, मोकळा होई आणि सांगू लागे. मला राग येई. पण माझ्या कागदावर जे उतरे ते फागूच्या त्या एका वाक्यामुळे उतरे, हेही मला कळत असे.

फागू भित्रा होता. हे मी लपवीत नाही, कारण गुरुजींच्या बाजूने असलेली गोष्टही मी सांगितली पाहिजे. तो पाण्याला भीत असे. रानात अस्वल आडवे आले तर तो उभा राही, जत्रेत दारू प्यालेल्या घोळक्यात एकटा शिरे, पण गुडघाभर पाण्यात उतरायचे म्हटले की त्याचा चेहरा उतरे. याचे कारण त्याने मला एकदाच सांगितले. त्याचा थोरला भाऊ म्हैस धुवायला गावच्या तलावात उतरला होता. म्हशीचा कासरा त्याने मनगटाला गुंडाळून घेतला होता, जसा सगळेच गुंडाळतात. म्हैस बिथरली आणि खोल पाण्यात गेली. भावाला पोहता येत होते. तलावाच्या पाळीवर उभा असलेला फागू ओरडत राहिला की कासरा सोड, कासरा सोड... पण ओला कासरा सुटला नाही. “पाण्यानं नाही मेला माहा भाऊ,” फागू म्हणाला होता. “बांधला होता म्हून मेला.” एवढे सांगून तो उठला आणि चुलीतली लाकडे सारखी करू लागला. मी पुढे काही विचारले नाही. आमच्यात तसा रिवाज नव्हता.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगतो, कारण ती ठाऊक नसल्यानेच गुरुजींचा घोटाळा झाला आहे. रानातून कैदी पायी न्यायचा असला की हातकडीचे एक कडे कैद्याच्या उजव्या मनगटाला आणि दुसरे एका शिपायाच्या डाव्या मनगटाला घालीत. दुसरा शिपाई काही पावले मागे चाले आणि चाबी त्याच्याजवळ असे. ज्याचा हात अडकला आहे त्याच्याजवळ चाबी कदापि नसावी, असा नियम होता. कारण उघड आहे. कैद्याने त्या शिपायाला पाडले तर चाबी लगेच त्याच्या हाती लागेल. हा नियम आम्हांला कवायतीच्या मैदानावर शिव्यांसह पाठ करून दिला होता, आणि तो मोडणाऱ्याची नोकरी जात असे. हा नियम जसा पोलिसांना ठाऊक होता, तसाच प्रत्येक सराईत चोरालाही ठाऊक होता. मागच्याजवळ चाबी, हे ते सूर्य पूर्वेला उगवतो तसे गृहीत धरून चालत. आमच्या जोडीत हात माझा असे, कारण मी अंगाने थोराड होतो, आणि मागे चालणारा फागू असे. तो मागे चालताना सतत काहीतरी गुणगुणे. त्या गुणगुणण्यामुळे, मागे न वळताही, तो आहे हे मला कळत असे.

ज्या दिवसाबद्दल हा वाद आहे तो आश्विनातला दिवस होता. धान निसवला होता, पण बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, अजून पाणी होते. वाघ नदीच्या पलीकडच्या एका गावी मालगुजाराच्या कोठारावर दरोडा पडला होता आणि त्यातला एकजण पकडला गेला होता. त्याला सालेकशाला आणून गाडीत बसवायचे होते. दसऱ्याच्या बंदोबस्तासाठी बंदुका दुसरीकडे गेल्या होत्या. आमच्याजवळ लाठ्या होत्या. कैदी पलीकडच्या मुलखातला होता, हिंदी बोलणारा, चाळिशीचा, अंगाने सडपातळ आणि तोंडाने गोड. “सिपाहीजी, मेरे साथ बँध के आपको भी जेल का मज़ा आ रहा होगा,” असे तो वाटेत मला म्हणाला. फागू मागून म्हणाला, “त्याले लग्न झाल्यापासून सवय हाय गा.” कैदी मनापासून हसला. त्याचे साथीदार रानात आहेत हे त्याला तेव्हाच ठाऊक होते, असे मी आजही मानतो. माणूस हसत होता, पण त्याची पावले मंद पडत चालली होती.

नदी आम्ही डोंग्यातून ओलांडली. झाडाचे खोड कोरून केलेला तो अरुंद डोंगा, नदी फुगलेली, आणि फागू डोळे मिटून मध्ये बसलेला. अलीकडच्या काठावर उतरलो, डोंगेवाल्याला रामराम केला आणि पायवाट धरली. पुढे थोड्या अंतरावर एक नाला होता, तोही भरून वाहत होता, आणि त्यापलीकडे रेल्वेचा रस्ता. नदी आणि नाला यांच्यामधल्या त्या तुकड्यातच ते चौघे झाडीतून बाहेर आले. पहिला दांडका माझ्या डोक्यात बसला. मी पडलो आणि माझ्याबरोबर कैदीही पडला. एकाने माझ्याच पगडीचे टोक माझ्या तोंडात कोंबले आणि छातीवर गुडघा दिला. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, की त्या क्षणापासून पुढे मला एक शब्दही उच्चारता येत नव्हता. दुसऱ्याने माझ्या डाव्या हातावर पाय ठेवला आणि कुऱ्हाड उचलली. “हाथ काट दे इसका,” तिसरा म्हणाला.

तेव्हा पहिल्यांदा घाबरला तो कैदी. आमची मनगटे एकमेकांना चिकटलेली होती. “अरे मेरा भी हाथ है उधर,” तो किंचाळला. “चाबी लाओ. चाबी पीछे वाले के पास है.” सगळ्यांनी मागे पाहिले. मागे कुणी नव्हते. वाटेला तेथे वळण होते आणि फागू वळणाच्या मागे, झाडांच्या आड होता. त्यांनी त्याला पाहिलेलेच नव्हते. फागूने मात्र सगळे ऐकले होते. कुऱ्हाडवाला म्हणाला, “चाबी गई भाड़ में,” आणि त्याने पाय माझ्या हातावर आणखी दाबला.

येथे मी गुरुजींना विनंती करतो की त्यांनी क्षणभर फागूच्या जागी उभे राहून पाहावे. तुम्ही भित्रे आहात. तुम्हांला कुणी पाहिलेले नाही. मागे, हाकेच्या अंतरावर, नदीचा काठ आहे, मोहाची दाट झाडे आहेत, डोंगेवाला अजून तेथेच आहे. पळणारा माणूस कोणत्या दिशेने पळेल? आणि पळण्यापूर्वी तो ओरडेल काय? फागू झाडाआडून वाटेवर आला. सगळ्यांना दिसेल असा आला. कमरेवर हात मारून तो ओरडला, “चाबी माह्यापाशी हाय गा. पाहिजन तं या घ्याले.” आणि तो पळाला. नदीकडे गेला नाही, झाडीतही शिरला नाही. तो उजव्या हाताला वळून धानाच्या उघड्या बांध्यांमध्ये उतरला. तेथे गुडघाभर चिखल होता, पळणे अशक्य होते आणि लपायला काडीही नव्हती. कुऱ्हाडवाला माझ्या हातावरून उतरला. तिघे त्याच्या मागे धावले, आणि माझ्या छातीवर बसलेला एकजण तेवढा राहिला.

पुढचे मी पाहिले नाही, मी ऐकले. लेख आल्यावर मी गुरुजींना भेटलो तेव्हा त्यांनी मला याच मुद्द्यावर अडवले होते, म्हणून मी स्वतःच सांगतो. पण पाहणाऱ्यांनी जे सांगितले ते असे. वरच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाखरे हाकायला बसलेल्या गोंडांच्या बायकांना आधी दिसला तो पळणारा शिपाई. त्याच्या मागे तिघे. दुसऱ्या बांधीत कुऱ्हाडीचा घाव त्याच्या टाचेवर बसला आणि तो तोंडावर पडला. त्यांनी त्याला उताणा केला, त्याच्या कमरेचा पट्टा तोडला, खिसे फाडले, चाबी मिळाली नाही. त्यांनी त्याला लाथा घातल्या. तेव्हा तो म्हणाला, “फेकली गा. त्या तिकडं, चिखलात.” आणि त्याने बोट दाखवले. बायका सांगतात, ते तिघे धानात वाकून दोन्ही हातांनी चिखल चाळू लागले. रोवणी करणाऱ्या बायांसारखे ओळीने वाकलेले... त्या बायकांना त्याही स्थितीत हसू आले असे त्यांच्यातल्या एकीने मला पुढे सांगितले. मग त्यांनी आरडाओरडा केला. गावातले लोक काठ्या घेऊन आले, रेल्वेच्या रस्त्यावरची गँग घण आणि पहारी घेऊन धावली. तिघे रानात पळाले. माझ्या छातीवरचाही पळाला. कैदी मात्र पळू शकला नाही, कारण त्याच्या हाताला मी होतो.

गँगच्या लोकांनी मला उठवले. कैद्याला ओढत मी त्या बांधीपर्यंत गेलो. फागू चिखलात बसला होता, टाच दोन्ही हातांनी आवळून धरलेली होती, बोटांमधून रक्त येत होते आणि भोवतालचे पाणी लाल होत चालले होते. मी तोंड उघडले, तोच तो म्हणाला, “बोलू नोको.” मी त्याच्यापाशी वाकलो. अगदी हळू आवाजात, माझ्या मनगटावरच्या कड्याकडे पाहत तो म्हणाला, “चाबी चिखलात गेली. समजलास का? मी जित्ता हाय तवर चाबी चिखलातच हाय.” मी मान हलवली. तो माझा शब्द झाला. गँगच्या लोहाराने छिन्नी लावून हातकडी तोडली. त्या छिन्नीचा एक ओरखडा माझ्या मनगटावर अजून आहे.

सरकारदरबारी दोघांचीही तारीफ झाली. कैदी सुटला नाही, चाबी शत्रूच्या हाती लागली नाही. मला फीत मिळाली, मी पुढे जमादार झालो. फागूला लंगडत चालता येऊ लागले तेव्हा त्याला ठाण्याच्या दारावर बसवले आणि तो तेथूनच निवृत्त झाला. परंतु गावात सांगितली जाणारी गोष्ट सरकारी कागदावरून निघत नाही. ती डोळ्यांना आधी काय दिसले त्यावरून निघते. बायकांना आधी पळणारा शिपाई दिसला होता. दरोडेखोरांच्या अंगाखाली पडून राहिलेला शिपाई मागाहून दिसला. म्हणून एकजण पळाला आणि एकजण पडून राहिला, एवढेच उरले. पुढे त्यातला दुसरा भाग शूर होत गेला आणि पहिला भाग भित्रा होत गेला.

आमच्याकडच्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आम्ही दोघे एकदा बंदोबस्ताला होतो. फागू गडाच्या पायथ्याशी एका दगडावर बसला होता. एका दुकानदाराने सगळ्यांसमोर विचारले, “काय गा फागू, आज कोनापासून पळून आलास?” फागू शांतपणे म्हणाला, “तुह्या बायकोपासून गा. लय मागं लागली होती.” लोक हसले, दुकानदारही हसला. मी मात्र काठी घेऊन उठलो होतो. फागूने माझा कोट धरून मला खाली बसवले. “तू काऊन तापून राहिलास?” तो म्हणाला. “त्याचं दुकान चालते, आपली नोकरी चालते.” मी म्हणालो, “मी सगळ्यांसमोर सांगतो काय झालं ते.” तो एकदम गंभीर झाला. “सांगशीन तं तुही फीत जाईन, माही पेन्शन जाईन, आन् तो दुकानदार तरी बी हासनच. कायले सांगतेस?” मग त्याने दुकानदाराकडूनच चहा मागवला आणि दोन्ही कपांचे पैसे मला द्यायला लावले. पुढच्या काळात मी चारचौघांत इतकेच म्हणत राहिलो की फागू पळाला नव्हता. जितक्या जोराने मी म्हणे, तितक्या कौतुकाने लोक माझ्याकडे पाहत. पहा, म्हणत, ज्याने टाकून दिले त्याचीही बाजू घेतो. माझ्या खरेपणातूनच त्यांनी माझा मोठेपणा तयार केला आणि तो फागूच्या छातीवर ठेवला. गुरुजींनी नवीन काहीच केलेले नाही. त्यांनी तो छापला.

मी गुरुजींना भेटलो. भांडायलाच गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

“जमादारसाहेब, हा तुमचा विनय आहे,” ते म्हणाले.

“विनय माझ्यात कधीच नव्हता. तुम्ही खोटे लिहिले आहे.”

“पण मग तो पळाला नाही का?”

“पळाला.”

“चाबी फेकल्याचे त्यानेच सांगितले ना?”

“त्यानेच सांगितले.”

“आणि तुम्ही तर खाली पडलेले होता. तुम्ही पाहिले काय?” गुरुजींनी अत्यंत नम्रपणे विचारले. “तुमच्याजवळ काही पुरावा असेल तर मी दुरुस्ती छापायला तयार आहे.”

त्यांच्या अंगणात उभे राहून मी उत्तर देऊ शकलो असतो. दिले नाही. फागूच्या घरी गेल्याशिवाय ते देण्याचा मला अधिकार नव्हता.

मी तेथूनच फागूच्या गावी गेलो. अंगणातली खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. बिरजाबाई मोहाची वाळलेली फुले निवडीत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण फागूच्या दिवसांच्या जेवणाला जमलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी गुरुजींचा लेख मोठ्याने वाचून दाखवला होता. सगळ्यांसमोर, चांगल्या हेतूने. त्यांनी मला बसायला बोरा दिला आणि पुन्हा फुले निवडू लागल्या.

“जमादार,” त्या शेवटी म्हणाल्या, “मी त्याले कधी इचारलं नाही. लगन होऊन आली तवापासून मी पायलं, रातच्या अंधारात तो रानात जाये. मले वाटे, असा मानूस पळत नसन. पण लोक म्हनत. बाजारात मागून म्हनत. आता कागदात बी आलं...” त्यांनी हातातले फूल खाली ठेवले. “तुमी त्याले माफ केलं म्हनतेत. काय माफ केलं ते मले सांगा. तो गेला, आता तं सांगा. तो पळला होता का?”

मी म्हणालो, “वहिनी, मी लिहून आणतो. आणि तुमच्यासमोर बसून वाचून दाखवतो.”

हे लिखाण ते आहे. छापून आल्यावर मी ते घेऊन जाणार आहे. माझ्या पूर्वीच्या खात्याला यातून माझ्याविरुद्ध काही करावेसे वाटले तर त्यांनी अवश्य करावे, माझे निवृत्तिवेतन थांबवावे, फीतही मागे घ्यावी. फागूच्या निवृत्तिवेतनाला आता कुणी हात लावू शकत नाही. मी येथे कबुलीजबाब देत नाही. मी साक्ष देतो आहे, आणि शब्द ज्या मुदतीपुरता दिला होता ती मुदत संपली आहे.

वहिनी, तुमच्या दिराच्या मनगटाला कासरा होता, हे तुम्हांला ठाऊक आहे. हातकडीने दुसऱ्या माणसाला बांधलेला मी डोंग्यात बसलेला फागूला बघवत नसे. डोंगा उलटला तर बांधलेला माणूस मरतो, हे त्याने तलावाच्या पाळीवरून पाहिले होते. म्हणून आमच्या पहिल्याच फेरीपासून, नदी आली की, कैदी दुसरीकडे पाहत असताना तो माझ्याजवळ येई आणि माझ्या सदऱ्याखाली हात घालून चाबी माझ्या करदोट्याला बांधी. माझा उजवा हात मोकळा असे. “बुडाले लागलास तं सोडून घेजो,” एवढेच म्हणे. काठावर उतरलो की तो तळहात पुढे करी, मी चाबी सोडून त्यावर ठेवी. नियम आम्ही पाण्यापुरता मोडत असू आणि काठावर पुन्हा जोडत असू. दर पाण्याला, दर वेळी. त्या आश्विनातल्या दुपारीही अलीकडच्या काठावर उतरल्यावर त्याने तळहात पुढे केला. मी सदऱ्याखाली हात घातला. तेवढ्यात त्याला समोरच्या नाल्याचा आवाज आला असावा. त्याने हात मागे घेतला.

“राहू दे,” तो म्हणाला. “पुढं नाला हाय.”

कमरेवर हात मारून, चाबी माझ्याजवळ आहे असे ओरडत, तीन दरोडेखोर आपल्यामागे घेऊन जो माणूस चिखलात उतरला, त्याच्याजवळ चाबी नव्हती. ती माझ्या करदोट्याला होती, आणि हे लिहीत असतानाही तेथेच आहे.